सिमेंट-उद्योगातील ‘शाश्वतता’ : एका संकल्पनेची चिकित्सा

१

औद्योगिक कंपन्यांच्या वार्षिक ताळेबंदाच्या जोडीला गेल्या दोन-अडीच दशकांत एक नवा लेखनप्रकार रूढ झाला आहे. ‘शाश्वतता-अहवाल’ हे त्याचे नाव. प्रारंभी तो ऐच्छिक होता. परंतु सेबी ह्या नियामक मंडळाने २०२१ साली त्याचा नमुना निश्चित केला आणि २०२२-२३ ह्या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना तो बंधनकारक केला. त्यामुळे भारतातील सर्व प्रमुख सिमेंट-कंपन्यांचे असे अहवाल आता दरवर्षी प्रसिद्ध होतात. विपुल आकडे, आलेख, छायाचित्रे आणि प्रतिज्ञा ह्यांनी ते भरलेले असतात, आणि धोरणे ठरविणाऱ्यांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांना प्रमाणभूत साधन म्हणून ते हाताशी येतात.

ह्या साहित्याची चिकित्सा मात्र फारशी झालेली नाही. त्यावर झालेली टीका बहुधा दोन टोकांची आहे. एका पक्षाच्या मते हे अहवाल निव्वळ रंगसफेदी होत. दुसऱ्या पक्षाच्या मते त्यांतील आकडे तपासलेले असल्यामुळे वादास जागाच उरत नाही. हे दोन्ही पक्ष मूळ प्रश्नास बगल देतात. आकडे खरे असूनही त्यांवरून काढलेला निष्कर्ष असिद्ध राहू शकतो, आणि सिमेंटच्या बाबतीत नेमके हेच घडते. एखाद्या कंपनीचा प्रामाणिकपणा हा प्रस्तुत विवेचनाचा विषय नाही. ‘शाश्वत’ हे विशेषण ज्या मापाच्या आधारे लाविले जाते, ते माप त्या विशेषणाचा भार पेलू शकते काय, एवढाच येथे विचारावयाचा प्रश्न आहे.

२

प्रथम शब्दाचाच विचार करणे इष्ट होय. ब्रुंटलंड आयोगाने १९८७ साली सादर केलेल्या अहवालानंतर जी संज्ञा जगभर पसरली, तिचा गाभा असा : आजच्या पिढीने आपल्या गरजा अशा रीतीने भागवाव्यात की, पुढील पिढ्यांच्या गरजा भागविण्याच्या सामर्थ्यास त्यामुळे बाधा पोचू नये. ही कल्पना सापेक्ष आहे. तीत दोन पक्ष आहेत, त्यांच्यामधील देणे-घेणे आहे आणि त्यास घातलेली मर्यादा आहे. मराठीत ह्या संज्ञेसाठी ‘शाश्वत’ हा शब्द रूढ झाला. आणि त्या शब्दाचा पूर्वेतिहास अगदी निराळा आहे. जे काळाने बाधित होत नाही, ज्यास क्षय नाही, ते शाश्वत; म्हणून ‘अशाश्वत’ हा शब्द देहास आणि संपत्तीस लावण्याची आपल्या परंपरेत रीत होती. पर्याय म्हणून सुचणाऱ्या ‘टिकाऊ’, ‘चिरस्थायी’, ‘निर्वाहक्षम’ ह्या शब्दांपैकी ‘निर्वाहक्षम’ हा मूळ कल्पनेस सर्वांत जवळचा आहे. कारण कोणाचा निर्वाह आणि कशाच्या बळावर, हा प्रश्न तो शब्द ऐकताच उभा राहतो. ‘शाश्वत’ ह्या शब्दाने तो प्रश्न मिटतो. त्याच्या उच्चाराबरोबर एक प्रकारची सिद्धता गृहीत धरली जाते.

ज्या द्रव्यापासून सिमेंट होते, त्याकडे पाहिल्यास ही विसंगती अधिकच जाणवते. चंद्रपूर जिल्ह्यातील सिमेंट-कारखाने ज्या चुनखडकावर उभे आहेत, तो पैनगंगा समूह ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्तरांतील असून त्याचे वय शंभर कोटी वर्षांहून अधिक आहे. हा खडक मानवी कालगणनेत पुन्हा तयार होणारा नाही. जे द्रव्य एकदाच वापरता येते, त्यावर आधारलेल्या उद्योगास शाश्वत म्हणावयाचे असेल, तर ते कोणत्या अर्थाने, हे आधी सांगणे आवश्यक आहे. अहवालांत ते सहसा सांगितलेले आढळत नाही.

३

सिमेंट-उद्योगाची अडचण इतर उद्योगांहून मूलतः भिन्न आहे. वीजनिर्मितीत प्रदूषणाचे कारण इंधन हे असते. इंधन बदलले की कारण नाहीसे होते. सिमेंटमध्ये मात्र दोष कच्च्या मालातच वसतो. चुनखडकाचे मुख्य घटकद्रव्य कॅल्शियम कार्बोनेट. त्यास भट्टीत तापविले असता त्याचे चुना आणि कार्बन डायॉक्साइड असे विघटन होते. शुद्ध द्रव्याच्या १०० भागांतून वजनाने ५६ भाग चुना मिळतो आणि ४४ भाग वायू निघून जातो. पुढे सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापमान नेऊन चुना, सिलिका इत्यादींच्या संयोगाने क्लिंकर तयार केला जातो. क्लिंकरमध्ये चुन्याचे प्रमाण सुमारे ६५ टक्के असते; म्हणजे एक टन क्लिंकरमागे अर्ध्या टनाहून थोडा अधिक कार्बन डायॉक्साइड केवळ खडकाच्या विघटनातून बाहेर पडतो. इंधनाच्या ज्वलनातून निघणारा वायू ह्याहून वेगळा. भट्टी सौरऊर्जेवर चालविली, तरी ह्या अर्ध्या टनात फरक पडणार नाही.

ह्यामुळेच जगातील मानवनिर्मित कार्बन डायॉक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वायू एकट्या सिमेंटच्या निर्मितीतून येतो. जगाचे वार्षिक उत्पादन ४०० कोटी टनांच्या आसपास आहे. त्यांपैकी निम्म्याच्या जवळपास वाटा चीनचा असून भारत दुसऱ्या क्रमांकावर आहे. जोसेफ अ‍ॅस्पडिन ह्याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे एकस्व घेतले. तेव्हापासून भट्टीच्या रचनेत क्रांतिकारक सुधारणा झाल्या, परंतु हे रासायनिक समीकरण बदललेले नाही.

जुन्या चुन्याच्या बांधकामाशी येथे तुलना करणे उद्बोधक ठरेल. चुन्याच्या भट्टीतही हेच विघटन होते. परंतु घाणीत मळलेला चुना भिंतीत घट्ट होतो, तो हवेतील कार्बन डायॉक्साइड पुन्हा शोषून घेऊनच; त्याच्या घट्ट होण्याची क्रियाच शोषणाची आहे. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. त्याचे शोषण नंतर, पृष्ठभागाकडून आत, अतिशय मंद गतीने चालते. जुन्या भट्ट्यांत लाकूड जाळले जाई आणि त्यापायी जंगले तुटत, हे विसरून त्या पद्धतीचे गुणगान करणे योग्य नव्हे. मात्र हिशेबाच्या परतफेडीची बाजू त्या पद्धतीत अंगभूत होती, हा भेद नोंदविण्याजोगा आहे.

४

आता मापाकडे वळू. सिमेंट-उद्योगाच्या पर्यावरणविषयक साहित्यात जवळजवळ सर्वत्र वापरले जाणारे माप ‘तीव्रता’ हे होय : एक टन सिमेंटमागे किती किलोग्रॅम कार्बन डायॉक्साइड. हा एक भागाकार आहे. अंशस्थानी उत्सर्जन आणि छेदस्थानी उत्पादन. भागाकाराचा स्वभाव असा की, अंश वाढत असताही छेद त्याहून वेगाने वाढला, तर भागफल घटते. कार्यक्षमतेची तुलना करण्यासाठी हे माप उत्तम आहे, ह्यात शंका नाही. दोन कारखान्यांपैकी अधिक काटकसरीचा कोणता, हे त्यावरून नेमके कळते. परंतु वातावरण भागाकार करीत नाही. तेथे केवळ बेरीज होते.

भारताच्या बाबतीत ह्याचे प्रत्यंतर पाहता येते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा अभिकरण आणि सिमेंट-कंपन्यांचा जागतिक मंच ह्यांनी २०१३ साली भारतीय सिमेंट-उद्योगासाठी एक मार्गदर्शक आराखडा प्रसिद्ध केला. त्यात २०१० हे आधारवर्ष धरून टनामागील प्रत्यक्ष उत्सर्जन सुमारे ६२० किलोग्रॅम मानले होते आणि २०५० पर्यंत ते ३५० किलोग्रॅमवर, म्हणजे सुमारे ४५ टक्क्यांनी खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेविले होते. पुढे २०१८ सालच्या आढाव्यात असे दिसले की, २०१७ पर्यंत हा आकडा ५८८ वर आला. म्हणजे सात वर्षांत सुमारे ५ टक्के घट झाली. ही घट खरी आहे आणि ती सहजसाध्य नव्हती. परंतु ह्याच काळात देशाचे सिमेंट-उत्पादन सुमारे २२ कोटी टनांवरून २८ कोटी टनांच्या आसपास गेले. आढाव्यातील आकडा सहभागी कारखान्यांचा आहे. तोच सर्व देशास लावून ठोकळ गुणाकार केला, तर एकूण उत्सर्जन सुमारे एक-पंचमांशाने वाढल्याचे दिसते. ‘उत्सर्जन ५ टक्क्यांनी घटले’ आणि ‘उत्सर्जन एक-पंचमांशाने वाढले’ ही दोन्ही विधाने एकाच वस्तुस्थितीची आहेत. प्रगतिपुस्तकात त्यांपैकी पहिलेच ठळक अक्षरांत येते.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या आराखड्यातील उद्दिष्ट पूर्णपणे साधले तरी काय होईल, ह्याचे उत्तर त्याच आराखड्यात आहे. २०५० साली देशाचे उत्पादन ७८ कोटी ते १३६ कोटी टनांच्या दरम्यान असेल असा त्याचा अंदाज होता. टनामागे ३५० किलोग्रॅम ह्या हिशेबाने किमान अंदाजातही एकूण उत्सर्जन २०१० च्या दुपटीवर जाते आणि कमाल अंदाजात ते साडेतीन पटींच्या जवळ पोचते. आराखड्याच्या कर्त्यांनी ही वाढ लपविलेली नाही. उत्सर्जनाच्या वाढीला आवर घालणे, एवढाच आपला हेतू त्यांनी सांगितला होता. परंतु मूळ ग्रंथातील ही सावध भाषा पुढच्या साहित्यात उतरत नाही. ‘वाढीस आवर’ ह्याचे ‘घट’ होते आणि ‘घट’ ह्याचे ‘शाश्वतता’ होते. अर्थाचे हे स्थलांतर हाच ह्या लेखनप्रकाराचा प्रमुख दोष मानावा लागेल.

सेबीच्या नमुन्यात एकूण उत्सर्जनाचा रकाना आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. म्हणजे उणीव माहितीची नाही, अन्वयार्थाची आहे. एकूण आकडा कोष्टकात राहतो आणि भागफल प्रस्तावनेत येते.

५

तीव्रता कमी करण्याचा भारतातील मुख्य मार्ग म्हणजे क्लिंकरमध्ये अन्य द्रव्ये मिसळणे. भारतीय मानकांनुसार पोझोलाना सिमेंटमध्ये औष्णिक वीजकेंद्राची राख १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत मिसळता येते. लोहभट्टीच्या मळीपासून केलेल्या सिमेंटमध्ये मळीचे प्रमाण २५ ते ७० टक्क्यांपर्यंत असू शकते. राखेच्या डोंगरांची विल्हेवाट लागते, चुनखडक वाचतो आणि काँक्रीटचा टिकाऊपणाही अनेक परिस्थितींत सुधारतो. हे लाभ वादातीत आहेत.

तथापि हिशेबाच्या दृष्टीने येथे एक गृहीतक दडलेले आहे. राख ही टाकाऊ वस्तू मानल्यामुळे तिच्या जन्माचा भार सिमेंटवर येत नाही. ज्या कोळशाच्या ज्वलनातून ती निर्माण झाली, त्याचे उत्सर्जन वीजकेंद्राच्या खात्यावर पडते. एका खात्यापुरते पाहिले तर ही मांडणी बरोबर आहे. परंतु ‘पुढील पिढ्यांच्या’ गरजांचा विचार करू म्हणणाऱ्याने दोन्ही खाती एकत्र उघडली पाहिजेत. कोळशावरील वीज बंद होत जावी, अशी एका बाजूने अपेक्षा आहे. आणि दुसऱ्या बाजूने सिमेंटच्या हिरवेपणाचा मोठा आधार त्याच कोळशाची राख हा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात हे नाते नकाशावरच वाचता येते. वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळसा, २९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र आणि घुगुस, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथील सिमेंट-कारखाने ही सारी एका जिल्ह्याच्या परिघात आहेत. एकाचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल होतो ह्यास ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ असे नाव दिले जाते. वस्तुतः येथे चक्र पूर्ण होत नाही. कोळसा आणि चुनखडक दोन्ही जमिनीतून निघतात आणि परत जात नाहीत. केवळ दोन सरळ रेषा मध्येच एका बिंदूत भेटतात.

हीच गोष्ट ‘जल-सकारात्मकता’ ह्या संज्ञेची. वापरलेल्या पाण्याहून अधिक पाणी साठविले वा मुरविले, असा तिचा अर्थ. खाणीच्या खड्ड्यात साठणारे पावसाचे पाणी ह्या हिशेबात जमेच्या बाजूस धरले जाते. खड्डा पडण्यापूर्वी तेच पाणी कोठे मुरत होते आणि कोणाच्या विहिरीस मिळत होते, हे विचारल्याखेरीज जमेचा आकडा अपुरा राहतो. कारण जमा आणि खर्च ह्या एकाच विहिरीच्या असाव्यात, अशी अट त्या संज्ञेत नाही.

६

भागाकाराच्या मापात न बसणारी आणखी एक बाजू आहे, ती स्थलाची. कार्बन डायॉक्साइड जगभर मिसळतो; धूळ मात्र जेथे उडते, तेथेच बसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ४३ अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी यादी केली, तीत चंद्रपूरचा समावेश होता. त्यास एकटे सिमेंट कारणीभूत होते असे म्हणता येणार नाही; कोळसा, वीज आणि सिमेंट ह्यांचा तो एकत्रित परिणाम होता. त्यानंतर २०१४ आणि २०१६ च्या अधिसूचनांनी भट्टीच्या धुराड्यातून निघणाऱ्या धूलिकणांवर कडक मर्यादा घातल्या आणि धूळ पकडणाऱ्या यंत्रणांत मोठी सुधारणा झाली. परंतु मोजमाप मुख्यतः धुराड्याच्या तोंडाशी होते. खाणीतील सुरुंग, खडक फोडणारी यंत्रे, उघडे ढीग आणि मालमोटारींचे रस्ते ह्यांची धूळ त्या मापाच्या बाहेर राहते. आणि कोरपना-राजुऱ्याच्या शेतकऱ्यास पऱ्हाटीच्या पानांवर दिसते ती बहुधा हीच. त्या पानांसाठी शाश्वतता-अहवालात रकाना नाही. कोलाम वस्त्यांच्या परिसरातील जमीन खाणीखाली गेल्यावर तिच्या मोबदल्यात ‘लाविलेल्या रोपांची संख्या’ नोंदविली जाते. रोपे किती जगली आणि ती कोणाच्या उपयोगी पडली, हे त्या संख्येवरून समजत नाही.

७

विरुद्ध पक्षाचे म्हणणे येथे न्यायबुद्धीने पाहिले पाहिजे. त्याचे तीन मुद्दे विचारार्ह आहेत.

पहिला मुद्दा गरजेचा. भारतातील दरडोई सिमेंट-वापर जागतिक सरासरीच्या निम्म्याच्या आसपास आहे. ज्या देशात घरे, शाळा, रुग्णालये आणि पूल अजून बांधावयाचे आहेत, त्यास एकूण उत्सर्जनाची मर्यादा घालणे म्हणजे विकासच रोखणे होय, असा हा युक्तिवाद आहे. तो निराधार नाही. मात्र त्यावरून सिद्ध होते ते एवढेच की, हे उत्सर्जन समर्थनीय असू शकते. समर्थनीय आणि शाश्वत हे दोन निराळे गुण आहेत. गरज आहे म्हणून कर्ज काढणे योग्य ठरू शकेल. त्यामुळे ते कर्ज नाहीसे होत नाही.

दुसरा मुद्दा पुनःशोषणाचा. काँक्रीट आपल्या आयुष्यात काही कार्बन डायॉक्साइड परत घेते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार १९३० ते २०१३ ह्या काळात चुनखडकाच्या विघटनातून निघालेल्या वायूपैकी सुमारे ४३ टक्के वायू सिमेंटच्या बांधकामांनी व अवशेषांनी पुन्हा शोषून घेतला. ही बाब महत्त्वाची आहे आणि टीकाकार तिच्याकडे अनेकदा दुर्लक्ष करतात. परंतु हा हिशेब इंधनाच्या वायूस लागू नाही. शिवाय उत्सर्जन एका दिवसात होते आणि शोषणास दशके लागतात.

तिसरा मुद्दा नव्या तंत्राचा. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेला चुनखडक मिसळून क्लिंकरचे प्रमाण निम्म्यावर आणणारे सिमेंट लोझान येथील तंत्रविद्यापीठ, क्यूबातील संशोधक आणि भारतातील आय. आय. टी. संस्था ह्यांच्या सहकार्यातून विकसित झाले. त्यासाठी भारतीय मानक २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यामुळे उत्सर्जनात ४० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, आणि कोळशाच्या राखेवरील अवलंबनही सुटते. प्रस्तुत क्षेत्रातील ही सर्वांत आशादायक घटना होय. तरीही तीतील निम्मा क्लिंकर उरतोच. त्या उरलेल्या भागासाठी वायू पकडून जमिनीखाली साठविण्याच्या तंत्राकडे बोट दाखविले जाते. जागतिक सिमेंट-संघटनेने २०२१ साली मांडलेल्या २०५० पर्यंतच्या आराखड्यात ह्या एका उपायावर एकूण कपातीच्या ३६ टक्क्यांचा भार टाकिला आहे. असा पहिला मोठा प्रकल्प नॉर्वेतील ब्रेविक येथे २०२५ साली सुरू झाला. त्याची वार्षिक क्षमता ४ लाख टन आहे. सिमेंट-उद्योगाचे जागतिक उत्सर्जन दोनशे कोटी टनांहून अधिक आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे आशा आणि सिद्धी ह्यांतील अंतर कळून येते.

त्याच आराखड्यातील दुसरा आकडा मात्र फारसा उद्धृत होत नाही. कपातीचा २२ टक्के भाग इमारतींच्या आराखड्यात आणि बांधणीत काटकसर केल्याने, म्हणजे तेच काम कमी काँक्रीटमध्ये केल्याने, साधावयाचा आहे. हा वाटा भट्टीतील इंधन व कार्यक्षमता ह्यांच्या अपेक्षित वाट्याच्या दुप्पट आहे आणि त्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही. परंतु हा उपाय कारखान्याच्या हातचा नव्हे. तो वास्तुविशारद, अभियंता आणि सार्वजनिक बांधकामाच्या निविदा लिहिणारा अधिकारी ह्यांच्या हातचा आहे. शिवाय त्याचा अर्थ कमी माल विकणे असा होतो. टनामागील भागफलात ह्या उपायाचे श्रेय कोठेच दिसत नाही. न वापरलेल्या सिमेंटचा टन छेदस्थानी येतच नाही. ज्या मापास सर्वांत सोपी कपात दिसत नाही, ते माप शाश्वततेची कसोटी म्हणून अपुरे आहे, ह्यास आणखी पुरावा नको.

८

ह्या चिकित्सेचे फलित केवळ शाब्दिक नाही. केंद्र शासनाने २०२३ साली जाहीर केलेल्या कार्बन-पत व्यापार योजनेतील उद्दिष्टेही तीव्रतेचीच आहेत. म्हणजे भागाकाराचे हे माप अहवालाच्या पानांवरून आता कायद्यात आले आहे. कार्यक्षम कारखान्यास त्यामुळे लाभ होईल आणि ते इष्टच आहे. परंतु सर्व कारखान्यांनी उद्दिष्टे गाठूनही एकूण उत्सर्जन वाढत राहणे ह्या योजनेत शक्य आहे. ह्याची जाणीव धोरणाच्या चर्चेत राहावयाची असेल, तर संज्ञांची शिस्त पाळली पाहिजे. राख वा भाजलेली माती मिसळलेल्या सिमेंटास ‘कमी कर्बाचे सिमेंट’ म्हणावे. ते वर्णन खरे आहे आणि त्यात गौरवही पुरेसा आहे. ‘शाश्वत’ हे विशेषण मात्र किमान चार गोष्टी एकत्र दाखविल्याखेरीज लावू नये : टनामागील उत्सर्जनाशेजारी त्याच ओळीत एकूण उत्सर्जन, उरलेला खनिजसाठा आणि तो संपल्यानंतरची योजना, खाणीपूर्वीची व खाणीनंतरची गावनिहाय पाण्याची पातळी, आणि धुराड्याबाहेरील धुळीचे मोजमाप.

ह्यांपैकी बरीचशी माहिती खाणबंदीच्या योजनांत, पर्यावरण-मंजुरीच्या सहामाही अनुपालन-अहवालांत आणि भूजल-सर्वेक्षणाच्या नोंदींत विखुरलेली आहे. ती एकत्र आणून कंपन्यांच्या अहवालांशी ताडून पाहणे हे काम पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातील आहे. चंद्रपूर, राजुरा आणि कोरपना ह्या तीन तालुक्यांपुरता असा एक अभ्यास झाला, तरी ह्या चर्चेचा पाया आजच्याहून पुष्कळच भक्कम होईल.